ताणामुळे हृदय कमजोर झालं की हार्ट अटॅक आला, हे घरी ओळखता येतं का?

तुम्ही लिहिलंय की खानापूरच्या आत्यांना, यजमानांची माती सावडायच्या दिवशीच छातीत कळ आली. इसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं, पण बेळगावात अँजिओग्राफी केली तर ब्लॉकेज नाही. डॉक्टर म्हणाले, ताणामुळे झालं. पुढच्या वेळी घरीच ओळखता येईल का?

नाही. मी बेळगावात कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे, आणि इसीजी बघून अनुभवी डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. छातीत दुखणं, घाम, दम, सगळं सारखंच असतं.

फरक टेबलावर दिसतो. आधी रक्तवाहिन्यांचं चित्र येतं, तिथं अटॅकला जबाबदार अशी गाठ सापडत नाही. मग हृदयाच्या डाव्या कप्प्यात डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडतात. वरचा भाग जोरजोरात आवळत असतो आणि खालचं टोक तसंच फुगलेलं, हलतच नाही. अटॅकमध्ये जी वाहिनी बंद पडली, तिच्या हद्दीतला स्नायू थांबतो. इथे थांबलेला भाग एका वाहिनीच्या हद्दीत मावत नाही. ट्रोपोनिनही एवढ्या मोठ्या भागाच्या मानाने कमीच वाढलेलं असतं. याला टाकोत्सुबो म्हणतात. जपानमध्ये १९९० साली याचं वर्णन झालं.

घरात दुःख झालंय म्हणून हेच असणार, असं मात्र धरू नका. दुःखातल्या माणसाला खराखुरा अटॅकही येतो. २०१५ साली टाकोत्सुबोच्या १७५० रुग्णांचा अभ्यास आला. दहात नऊ बायका होत्या, पण दमा, ऑपरेशन अशी शारीरिक कारणं मनाच्या धक्क्यापेक्षा जास्त निघाली आणि चारात एकाहून अधिक जणांत कारणच सापडलं नाही.

म्हणून परत दुखलं तर १०८ला फोन करा, रडून झालं असेल म्हणत थांबू नका.

आणि एक मनापासून सांगते: आत्यांसमोर ‘काही नव्हतं, नुसतं टेन्शन’ असं कुणालाही बोलू देऊ नका. पहिल्या काही दिवसांत यातही फुफ्फुसात पाणी भरतं, ठोके बिघडतात, माणसं दगावतात. पंपिंग बहुतेकांचं काही आठवड्यांत पूर्ववत होतं, पण ते इकोवरच (हृदयाच्या सोनोग्राफीवरच) कळतं. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या इकोची तारीख नसेल तर उद्याच विचारून घ्या, आणि तोवर गोळ्या मनाने बंद करू नका.