'पोरगं राक्षसांच्या पिक्चरला लागलंय'

खानापूर तालुक्यातल्या एका गावाहून आई-वडील आले होते. खुर्चीत बसायच्या आधीच वडिलांनी खिशातून तिकिटांचे तीन तुकडे काढून टेबलावर मांडले. "सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे मॅडम, सायन्सला. आणि करूलालंय काय, तर दोस्तांबरोबर ड्रॅगन-राक्षसांचे पिक्चर बघत फिरूलालंय. ह्यातली दोन तिकिटं तर एकाच पिक्चरची आहेत." आईनं पिशवीतून फिजिक्सची वही काढली. मागच्या पानांवर एका काल्पनिक राज्याचा नकाशा होता. ती हळूच म्हणाली, "डोक्यावर परिणाम तर झाला नसेल ना?"

समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, म्हणून घरच्यांच्या संमतीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे.

मुलाशी मी वेगळं बोलले. पहिली वीस मिनिटं 'होय', 'नाही' एवढंच. दहावीपर्यंत तो मराठी माध्यमात शिकला, एसएसएलसीला गुण चांगले मिळाले. मग बेळगावातलं कॉलेज. वर्गात सगळं इंग्रजीतून, आणि सर बाहेर पडले की कन्नडचा गलका. कन्नड त्याला वाचता-लिहिता येत होतं. "येतंय मॅडम, खरं मस्करी करायला येत नाही," तो म्हणाला. कुणी काही विनोद केला की तो समजेपर्यंत बाकीचे हसून मोकळे झालेले असायचे. चार-पाच महिने त्यानं डबा जिन्याखाली एकट्यानं खाल्ला. घरी बोलला नाही. एवढी फी भरून घातलंय, बाबांना काय सांगायचं?

एका रविवारी गोकाककडच्या एका मुलानं विचारलं, एक तिकीट उरलंय, येतोस का? पिक्चर हिंदीत डब केलेला. पण त्यातले जंगलात राहणारे लोक त्यांच्या स्वतःच्या भाषेत बोलायचे, ती तशीच ठेवली होती. "इंटरव्हलला सगळी पोरं ती भाषा बोलायला लागली. चुकीचीच. मी पण बोललो. कुणालाच येत नव्हती की मॅडम!"

हे सांगताना तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. मी पेन खाली ठेवलं.

अशा चित्रपटांतल्या भाषा बऱ्याचदा मुद्दाम रचलेल्या असतात. २०१५ च्या 'बाहुबली'तले कालकेय बोलतात ती किलिकी भाषा तमिळ गीतकार मदन कार्की यांनी घडवली. तिला शब्द आहेत, व्याकरण आहे, पण ती कुणाच्या आईची भाषा नाही. थिएटरातल्या त्या अंधारात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पाच पोरं पहिल्यांदा एकाच पायरीवर बसली होती. दुसऱ्यांदा तोच पिक्चर का? कारण त्यांच्यातला एकजण पहिल्या वेळी तापानं घरी होता. आता ती पोरं सकाळी कॉलेजच्या फाटकात एकमेकांना त्या जंगली लोकांसारखा नमस्कार करतात. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी प्रयोगांतून दाखवलंय की इतरांबरोबर खळखळून हसल्यावर माणसाची वेदना सोसायची ताकद काही काळ वाढते. जिन्याखालच्या चार महिन्यांनंतर या मुलाला तेच हवं होतं.

पुढच्या वेळी तिघांना एकत्र बसवलं. आईच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं. कल्पनेतली गोष्ट आवडणं हा आजार नाही. बघायचं ते हे, की पिक्चर संपल्यावर मूल परत येतं का. पडद्यावरचं आणि खरं यातला फरक त्याला कळतो का? झोप, जेवण, अंघोळ नीट आहे का? ते माणसांकडे चाललंय की माणसांपासून दूर? तुमचा मुलगा माणसांकडे चाललाय, मी म्हटलं. तो खोलीत कोंडून घेत असता, झोप उडाली असती, आधी आवडणारं सगळं सोडून बसला असता, किंवा 'जगून काय करायचं' असं बोलला असता, तर मी एक दिवसही थांबू दिलं नसतं. तेव्हा डॉक्टर गाठायचा, किंवा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावायचा.

अभ्यासाचं आणि पैशाचं दहा मिनिटांत ठरलं. परीक्षा होईपर्यंत महिन्यातून एक पिक्चर, दुपारचा शो, तिकीट खर्चाच्या पैशातून, आणि जाताना घरी सांगून.

तरी वडील उठेनात. खूप वेळानं म्हणाले, "राक्षसांचं सोडा मॅडम. पोरगं आमच्यात राहील ना?" हा माणूस दर १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापना दिनी, सीमाभागातल्या मराठी लोकांच्या निषेध फेरीत दंडाला काळी फीत लावून चालतो, स्वतःच्या वडिलांचा हात धरून चालायला लागल्यापासून. ही भीती मी हलकी मानत नाही. सीमाभागात भाषा हे घराघरातलं जुनं दुखणं आहे, माझ्याही घरातलं. पण त्याची किंमत सतरा वर्षांच्या पोरानं जिन्याखाली एकट्यानं डबा खाऊन मोजावी, हे मला पटत नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं. जिन्याची गोष्ट मुलानं मग स्वतः सांगितली. आईनं पदर तोंडाला लावला.

मी वही उघडून वडिलांपुढे सरकवली. आधी त्यांनी ती नुसती चाळली होती. राजाचा किल्ला म्हणजे येळ्ळूरचा राजहंसगड होता. ड्रॅगनची गुहा म्हणजे भीमगडच्या जंगलातली बारापेडेची वटवाघळांची गुहा. नावं सगळी मराठीत, आणि प्रत्येक नावाखाली दुसऱ्या हातानं कन्नड अक्षरांत तेच नाव. "ते त्यानं लिहिलंय, गोकाकच्यानं," मुलगा म्हणाला. "त्याला नावं पाठ करायची होती. ती गुहा बघायला येतो म्हणतोय."

वडिलांनी चष्मा लावला. बोट नकाशावरून फिरत फिरत एका निळ्या रेषेवर थांबलं.

"ही मलप्रभा कशी असेल? मलप्रभा कणकुंबीतनं उगवून पूर्वेला जाते. तू काढलायस ती म्हादई, गोव्याकडं जाणारी." मग त्यांनी हात पुढे केला. "पेन्सिल दे बघू."