दहा फूट जवळ गेलो तर जळून जाऊ?

प्रश्न : ‘पृथ्वी सूर्याच्या दहा फूट जरी जवळ सरकली तरी सगळं जळून खाक होईल’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. खरं आहे का? मे महिन्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणूनच एवढा चटका बसतो का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : दोन्ही समज चुकीचे. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सूर्यापासून सुमारे 14.71 कोटी किलोमीटरवर असतो, जुलैच्या पहिल्या आठवड्यात 15.21 कोटींवर. दरवर्षी 50 लाख किलोमीटरचा फरक पडतो आणि कुणी जळत नाही. उलट सूर्य सर्वांत जवळ असतो तो ऐन थंडीत, हुरड्याच्या दिवसांत!

चटका ठरतो किरणांच्या कोनावरून, आणि हे घरी मोजता येतं. एक मीटरची सरळ काठी सपाट जागी उभी करा, ओळंबा लावून तपासा. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, तिथे माप चुकतं. लातुरात 22 डिसेंबरला भर दुपारी सावली सुमारे 89 सेंटिमीटर पडेल. तेच ऊन तिरपं पसरतं, म्हणून जमिनीला डोक्यावरच्या उन्हाच्या पाऊणपटच मिळतं. शिवाय दिवस 11 तासांचा, जूनमध्ये तो 13 तासांवर जातो. 13 मेच्या सुमारास सावली जवळजवळ नाहीशी होते. मात्र घड्याळाचे 12 धरू नका. लातूरची खरी मध्यान्ह तेव्हा 12.20 ला होते. बाराला मोजलं तर आठेक सेंटिमीटर सावली दिसेल आणि प्रयोग फसला असं वाटेल.

जुलैअखेर सूर्य पुन्हा लातूरच्या डोक्यावर येतो, तरी मेसारखं तापत नाही. आभाळ भरलेलं असतं, काळी माती ओली असते, आणि बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. मेमध्ये ती सुकी, भेगाळलेली माती तापवते.

प्रश्न : मग जीवसृष्टीला अंतराचं महत्त्व नाहीच का?
– तेच वाचक

उत्तर : आहे, पण एकट्या अंतराने भागत नाही. चंद्र सूर्यापासून जवळपास आपल्याइतकाच दूर आहे. तिथे दुपारी सुमारे 120 अंश सेल्सिअस आणि रात्री उणे 130 च्या आसपास. हवाच नाही. पृथ्वीवर उष्णता धरून ठेवणारे वायू नसते तर सरासरी तापमान 15 ऐवजी उणे 18 अंश असतं आणि पाणी गोठलं असतं.

शुक्राचं उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तो सूर्यापासून 10.8 कोटी किलोमीटरवर आहे, पण त्याचे ढग इतकं ऊन परतवतात की तो पृथ्वीपेक्षा कमीच ऊन शोषतो. तरी पृष्ठभाग 460 अंशांवर, कारण कार्बन डायऑक्साइडची जाड हवा उष्णता सुटू देत नाही.

खरा धोका सूर्य हळूहळू प्रखर होण्याचा. 460 कोटी वर्षांपूर्वी तो आजच्यापेक्षा सुमारे 30 टक्के मंद होता. पुढच्या 100 कोटी वर्षांत सुमारे 10 टक्के प्रखर होईल, आणि त्या सुमारास समुद्र आटू लागतील असा अंदाज आहे.