शनिवारच्या दीडशे डॉलरबद्दल

अनेक आशीर्वाद.

मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धेत पंच म्हणून पहिलं बोलावणं आलं, छान झालं. आयोजकाचा मेल दोनदा वाचला. दिवसाचे 150 डॉलर, सकाळी आठला या, एवढंच. सुटायचं कधी ते कुठेच नाही. आठ फेऱ्या, प्रत्येक 50 मिनिटांची, त्यावर पाच जादा टर्न, मग पहिल्या आठ जणांच्या बाद फेऱ्या. रात्रीचे आठ धरून चाल. तासाला साडेबारा डॉलर पडले. न्यू जर्सीत किमान वेतन 15 च्या वर आहे, पण तुला कंत्राटदार धरलं तर ते लागू नाही. वर्षात अशी निव्वळ कमाई 400 डॉलरच्या पुढे गेली की स्वयंरोजगाराचा 15.3 टक्के करही तुझ्याच खिशातून.

पैशाचं बोलायला तुला संकोच वाटतो म्हणालीस. ज्या खेळावर जीव आहे तिथे हात पसरल्यासारखं होतं. मलाही व्हायचं, म्हणून मी कधी विचारलंच नाही. त्याचं काय झालं ते ऐक.

काही वर्षांपूर्वीची स्पर्धा, माझा अकरावा तास, दुपारपासून बूड टेकलेलं नाही. एका टेबलावर हात वर झाला. हल्ला करणाऱ्या क्रीचरची (पत्त्यावरच्या प्राण्याची) पॉवर, म्हणजे मार, 5; अंगात ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला मारून उरलेला मार पलीकडच्या खेळाडूला) आणि डेथटच (एकाच घावात मरण) दोन्ही. अडवणाऱ्याची टफनेस, म्हणजे सहनशक्ती, 4. समोरच्याचं लाइफ उरलं होतं 3. पोराने विचारलं, पलीकडे किती डॅमेज जाईल? मी म्हटलं, एक. अगं, डेथटच असलं की अडवणाऱ्याला एकच पुरतं, बाकीचे चार पलीकडे! तो तिथेच जिंकला होता. हा नियम मी झोपेतही सांगितला असता, त्या संध्याकाळी जागेपणी सांगता आला नाही. हेड जजकडे, म्हणजे मुख्य पंचाकडे, दाद मागता येते हे त्याला ठाऊक नव्हतं, मीही बोललो नाही. पुढच्या टर्नला तो हरला.

वीसेक मिनिटांनी पाणी पिताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हेड जजला सांगितलं आणि पोराला शोधलं. तो दप्तर आवरत होता. माझा निर्णय चुकला, तू जिंकला होतास, निकाल आता फिरत नाही, असं सरळ सांगितलं. "तरी मला वाटतच होतं," एवढंच म्हणाला आणि पत्त्यांच्या डबीला रबर लावत बसला.

खरा चटका त्यानंतर बसला. हेड जजला माझ्याशी या चुकीबद्दल नीट बोलायचं होतं. आयोजक मध्ये पडला: जाऊ दे, बिचारा फुकटात आलाय. माझा त्या दिवसाचा मोबदला होता कुणी न उचललेल्या बूस्टरची, म्हणजे पत्त्यांच्या सीलबंद पाकिटांची, दोन खोकी. त्या खोक्यांच्या जोरावर मला माफी मिळाली. दुपारपासून बसू का दिलं नाही, हे मीही त्याला विचारू शकलो नाही. ठरलंच काय होतं आमच्यात?

हा घोळ जुना आहे. 2016 च्या सुमारास कॅलिफोर्नियात काही पंच कोर्टात गेले होते. आम्ही स्वयंसेवक नाही, कामगार आहोत, असं त्यांचं मॅजिक काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीविरुद्ध म्हणणं होतं. 2019 मध्ये कंपनीने पंचांचा कारभार जज अकॅडमीकडे सोपवला. तिथे तर गंगा उलटी: सुरुवातीला पहिल्या पातळीच्या पंचानेच वर्षाला 100 डॉलर भरायचे आणि बदल्यात चकचकीत फॉइल पत्ते घ्यायचे! पुढे तीही मिटली. आता अमेरिका-कॅनडात जज फाउंड्री आहे, पंचांनीच उभी केलेली ना-नफा संस्था. ती प्रमाणपत्र देईल. मजुरीचं मात्र आयोजकाशी तुलाच बोलावं लागेल.

तेव्हा आजच उत्तर लिही. किती तासांचे 150, त्यापुढे तासाला किती, जेवायला आणि बसायला केव्हा सोडणार, पैसे कधी आणि रोख की माल. दुकानाचं क्रेडिट देतो म्हणाला तर नको म्हण. तुझ्याबरोबर तो एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरचा मित्र येणार आहे ना, त्याला बजाव, आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचार. खोकं घेतलं तरी तो मोबदलाच.

आणि पैसे घेतलेस की हिशेबही दे. खिशात वही ठेव. टेबल नंबर, प्रश्न, तू काय सांगितलंस, लिहीत जा. निर्णय दिलास की "हेड जजला बोलावू का?" हे आपणहून विचार, त्यात कमीपणा नाही. मिनिटाहून जास्त वेळ घेतलास तर तेवढा त्यांना वाढवून दे. समोर आयोजकाच्या दुकानात काम करणारा पोरगा बसला असला तरी वॉर्निंग ती वॉर्निंग. संध्याकाळी ती वही घेऊन हेड जजपाशी दहा मिनिटं बस, बोलावण्याची वाट बघू नकोस.

आयोजकाचं उत्तर आलं की मला पाठव. काळे बूट नवे घेतले असशील तर हा आठवडा घरात घालून फीर, नाहीतर तिसऱ्या फेरीपासून चावतील.

तुझा,
काका