देव दयाळू असेल तर साथीच्या रोगांत निरपराध माणसं का मरतात? कोरोनानंतर तुमची श्रद्धा टिकली का?

प्रश्न दोन विचारलेत. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे म्हणून ते आधी देतो. माझी श्रद्धा मुळात बेताचीच होती, त्यामुळे टिकण्या-न टिकण्याचं फार काही नव्हतं. टिकली ती आमच्या आईची, आणि ती ज्या तऱ्हेनं टिकली त्यावरूनच पहिल्या प्रश्नाबद्दल मला चार शब्द बोलता येतील.

एप्रिल 2021 मध्ये माझा थोरला भाऊ गेला. वय 41. ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत दीड दिवस फिरलो, मिळाल्यावर तो चार दिवस होता. घरी आणू दिलं नाही. स्मशानात मी आणि चुलतभाऊ, दोघंच, तेही लांबून. आई माळकरी. एकादशी कधी मोडली नाही, तरुणपणी आळंदीहून पायी वारी केलेली. सुतक फिटायच्या आत एका नातेवाइकांचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, मागच्या जन्मीचं काही देणं असेल, ते फिटलं म्हणायचं." आई म्हणाली, "भाऊजी, मागचा जन्म तुम्ही बघून आलात का?" आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेली.

ते गृहस्थ दुष्ट नाहीत. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि आपल्याकडं अशा वेळी बोलायला तयार वाक्य हेच असतं. पण तेव्हापासून मला मरीआईचा गाडा आठवतो. पटकी, म्हणजे कॉलरा, आली की गावोगाव काय करायचे, तर मरीआईची मूर्ती एका छोट्या गाड्यात बसवायची, नैवेद्य, हळदकुंकू, पोतराज, हलगी, सगळं साग्रसंगीत, आणि गाडा शिवेपलीकडं नेऊन सोडायचा. आता ती पुढच्या गावाची. पुढचं गाव तिची पूजा करून तिला आणखी पुढं ढकलणार. साथीत माणसं का मरतात याचं जे जे उत्तर मी ऐकलंय ते असंच गाड्यात बसलेलं असतं. दुःख ज्याचं आहे त्याच्याच मागच्या जन्माच्या शिवेवर नेऊन सोडलं की सांगणारा मोकळा. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्याच पोरांना अडवायला कितीतरी गावांनी रस्त्यावर दगड आणि काटेरी फांद्या टाकल्या होत्या. गाडा नव्हता एवढंच.

'दयाळू देव' आणि 'साथ' यांची टक्कर तुमच्या प्रश्नात जशी आहे, तशी आमच्या आजीच्या पिढीला जाणवत नसावी. कारण तिच्या भाषेत रोगाचंच नाव 'देवी' होतं. देवी आल्या म्हणायचे, बाई घरात आली म्हणायचे. मग दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही, तळण नाही, बाईला थंड वाटावं म्हणून दहीभाताचा नैवेद्य. देवी कोपते, देवीच उतरते. ती दयाळूच असली पाहिजे असा करार कुणी केलेला नव्हता. आणि गंमत बघा, लस आली तर तिलाही मराठीनं तेच नाव दिलं. देवी टोचल्या, देवी काढल्या, गावात देवी डॉक्टर आला! भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 चा, 1980 मध्ये जगातूनच रोग गेल्याचं जाहीर झालं. आईच्या दंडावर तो व्रण अजून आहे. ती देवीला हातही जोडते आणि व्रणही दाखवते, तिला त्यात विसंगती दिसत नाही. मला दिसते, पण मी वाद घालत नाही.

प्लेगचं मात्र वेगळं. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीला गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. वांद्रे-गिरगावच्या गल्ल्यांत जे क्रूस दिसतात त्यांतले बरेच त्या काळात ख्रिस्ती लोकांनी प्लेग टळावा म्हणून उभारलेले. पुण्यात 1897 च्या सुरुवातीला प्लेग आवरायला नेमलेला इंग्रज अधिकारी रँड आला आणि गोरे सोल्जर घराघरांत, माजघरात, देवघरात शिरले. माणसं छावणीत नेली, सामान जाळलं. 22 जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. मला त्यात एक गोष्ट दिसते. लोकांचा राग देवावर नव्हता, झडतीवर होता. आईचंही तसंच. मरण तिनं पचवलं म्हणणार नाही, पण "शेवटचं तोंड बघू दिलं नाही, पाणी घालू दिलं नाही" हे ती अजून बोलते. त्या वेळचे नियम का होते ते मी तिला समजावतो, तिला ते कळतं, आणि ती परत तेच बोलते.

त्याच प्लेगमध्ये हडपसरच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत रुग्णांवर उपचार करत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. यशवंतही पुढं 1905 मध्ये प्लेगनंच गेला. जोतीराव देवाला निर्मिक म्हणत. सगळ्यांना निर्माण करणारा, कुणालाही विटाळ न मानणारा, मध्ये दलाल न चालणारा. त्या पोराला कुठल्या कर्माचं फळ मिळतंय हा विचार त्या घरात बसलाच नसता. हडपसरवरून जाताना मला दर वेळी हे आठवतं, आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये आठवायला वेळही भरपूर मिळतो.

तेव्हा 'का मरतात' याला माझ्यापुरतं उत्तर आहे ते जंतू, गर्दी आणि कमी पडलेले बेड. तुम्हाला हे नको असणार, ठाऊक आहे.

आईनं भाऊ गेल्यावर महिनाभर हरिपाठ म्हटला नाही. मग एका संध्याकाळी आपला आपण सुरू केला, मी विचारलं नाही. 2020 आणि 2021 च्या आषाढीला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. 2022 ला पायी वारी परत सुरू झाली. आईच्यानं चालवत नाही, म्हणून आम्ही आषाढीची गर्दी ओसरल्यावर एसटीनं गेलो. सहा तास रांगेत उभी होती. बाहेर आल्यावर विचारलं, काय मागितलंस?

"मागतेय कशाला? शिव्या घातल्या." जनाबाईसुद्धा त्याला विठ्या म्हणायची, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. "पण मागं रांग होती. त्या पोलीसबाईनं पुढं ढकललं. पुरत्या घालून झाल्या नाहीत."

कार्तिकीला परत जायचं म्हणाली.