नाकावरचा डाग मास्कच्या कडेसारखाच का दिसतो?

तू लिहिलंस की दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलत होतीस, एअर मॅट्रेस होती, पाठ आणि टाचा अगदी ठीक होत्या. तरी बायपॅपवरच्या (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) आजोबांच्या नाकाच्या हाडावर चौथ्या दिवशी काळा डाग दिसला आणि राउंडला बोलणी तुलाच बसली. "ताई, माझं चुकलं कुठे?" असं विचारलंस. अठरा वर्षं आयसीयूत काढली आहेत म्हणून सांगते, कूस बदलण्यात तू चुकली नाहीस. पण आजोबा डावी-उजवीकडे वळले तरी मास्क नाकावर त्याच जागी रुतून बसला होता.

बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, म्हटलं की आपल्याला माकडहाड आणि टाचाच शिकवल्या. अमेरिकेच्या बेडसोरवरच्या राष्ट्रीय सल्लागार पॅनेलने २०१६ साली व्याख्या सुधारल्या, त्यात उपकरणाने होणारी जखम वेगळी धरली. ती ओळखायला सोपी, कारण ती त्या वस्तूचाच आकार घेते. नाकावर मास्कची कड उमटते, कानामागे ऑक्सिजनच्या नळीची रेघ.

नाकाच्या हाडावर कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच. वरून मास्क, खालून हाड, आणि मध्ये दबलेल्या कातडीला रक्त पोचत नाही. त्यात वाफेने आणि घामाने ती भिजून मऊ पडते. नॉरअॅड्रेनालिन (रक्तवाहिन्या आकसवून रक्तदाब टिकवणारं औषध) चालू असेल तर रक्तपुरवठा आधीच तोकडा. आणि आपण काय करतो? लीकचा, म्हणजे मास्कच्या कडेने हवा निसटल्याचा, अलार्म वाजला की पट्टे आवळतो! माझ्या मते निम्मं नुकसान इथेच होतं. थोडा लीक मशीन भरून काढतं, फक्त हवा डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. आधी साइज बघ, मास्क उचलून पुन्हा बसव, दोन्हीकडचे पट्टे सारखे कर. स्टॉकमध्ये एकच साइज असेल तर इन्चार्ज सिस्टरना लेखी कळव.

हायड्रोकोलॉइडची (जेलसारखी चिकटणारी) किंवा पातळ फोमची पट्टी मास्क चढवतानाच लाव, लाली दिसायची वाट पाहू नकोस. एकच थर पुरे. गॉझच्या घड्या कोंबल्या की दाब उलट वाढतो. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा तोंड धुताना किंवा पाणी पाजताना मास्क काढ आणि त्या दोन मिनिटांत खालची कातडी बघ. दुसऱ्या प्रकारचा मास्क मिळाला तर आलटून-पालटून वापर.

माझ्या हातून घडलेलं सांगते. सेप्सिसचा (अंगभर परिणाम करणाऱ्या गंभीर संसर्गाचा) पेशंट होता. संध्याकाळी ईटी ट्यूब (तोंडातून श्वासनलिकेत घातलेली नळी) सुती नाडीने बांधली, नाडीखाली दोन बोटं आरामात जात होती. रात्रभर फ्लुइड गेलं, चेहरा सुजला. सकाळी नाडी ओठाच्या कोपऱ्यात रुतलेली! मी बांधली तेव्हा बरोबरच होती, पण रात्रीत पुन्हा बोट घालून पाहिलं नाही. तेव्हापासून सूज असलेल्या पेशंटची प्रत्येक गाठ दर राउंडला बोटाने तपासते. इतरांच्या बाबतीत दिवसातून निदान दोनदा. ट्यूब तोंडाच्या एका कोपऱ्यातून दुसरीकडे सरकवायची असेल तर दोघींनी मिळून, ओठापाशी ट्यूबवरची खूण किती सेंटिमीटरची आहे ते बघून.

बाकीचं थोडक्यात. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) नाकपुडीच्या कडेला न टेकता मोकळी राहील अशी चिकटव. ऑक्सिमीटरचं प्रोब दर दोन-चार तासांनी दुसऱ्या बोटावर. कूस बदलून झाली की अंगाखाली हात फिरव, ईसीजीची वायर, थ्री-वे (सलाइनच्या नळीचा तीन तोंडांचा जोड), कॅथेटर, सुईचं टोपण, काहीही सापडतं. हे काम मावशींवर सोडू नकोस.

आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. बोटाने दाब, गरम किंवा टणक लागते का बघ, शेजारच्या जागेशी ताडून पाहा. आणि चोळू नकोस, आत दबलेल्या पेशी त्याने आणखी दुखावतात.

आता आजोबांचं. डाग काळा, कोरडा असेल तर खरवडू नकोस, सर्जनना दाखव. बायपॅप लागतच असेल तर नाकाच्या हाडाला न टेकणारा मास्क मागव, कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खा चेहरा झाकणारा (टोटल फेस) चालतो. हॅण्डओव्हरच्या वेळी पुढच्या सिस्टरला मास्क उचलून डाग प्रत्यक्ष दाखव आणि त्याची लांबी-रुंदी वेळेसकट चार्टवर लिही. फोटो घ्यायचा तर नातेवाइकांची संमती घेऊन, आणि वॉर्डच्या कॅमेऱ्यावर. स्वतःच्या मोबाइलवर नको.