आधी माती, मग बियाणं

अरे, बियाणं नंतर आण. आपली तांबडी जांभ्याची माती आम्ल, त्यात पावसाने सत्त्व धुऊन जातं. वीतभर खण, दगड वेच; खाली कातळ लागला तर त्याच्याशी भांडू नकोस, वर मातीची भर घाल. मूठभर माती दाबून बघ: गोळा होऊन बोटाने टोचल्यावर सुटली तर वापसा आला, म्हणजे माती खणण्याजोगी बेताची ओली झाली; चिकटली तर थांब. चौरस मीटरला २-३ किलो कुजलेलं शेणखत मिसळ. ताजं शेण नकोच, हुमणी (मुळं खाणारी अळी) लागते. चुलीची राख चालते, पण बेतानेच. पावसाळ्यात उताराला आडवे, वीतभर उंच गादीवाफे, मधे चर. रुंदी ३ फूटच ठेव, वाफ्यात पाय पडता कामा नये. दिवाळीनंतर मात्र सपाट वाफे नि वर पालापाचोळा.