मुलींच्या निवारागृहात स्वयंसेविका म्हणून पहिल्यांदा जाताय ना, मग एवढं करा

ताई, उत्साह चांगलाच आहे. पण पहिले तीन महिने एकच जमवा: ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पोचणं. या मुलींना शब्द देऊन फिरवणारेच जास्त भेटलेत.

‘तू इथे कशी आलीस?’ कधीच विचारू नका. पोलीस, बालकल्याण समिती, कोर्ट, सगळीकडे तेच सांगून त्या थकलेल्या असतात. मी पहिल्याच दिवशी एका मुलीला विचारलं. ती मुलगी महिनाभर बोलली नाही. मग मेंदी काढताना आपणहून बोलली, तेही गावच्या बोरांबद्दल.

- फोटो, नाव, गाव कुठेही टाकू नका. लैंगिक अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलीची ओळख माध्यमांत फोडणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा) गुन्हा आहे.
- पैसे, मोबाइल, ‘माझ्या घरी नेते’ असली आश्वासनं नकोत.
- गंभीर काही कळलं तर अधीक्षिकेला सांगा.

समुपदेशन सध्या शिकलेल्यांवर सोडा. तुम्ही मेंदीचे कोन न्या.